पावसाळ्यातलं जिरेनियम

कुंडीतल्या जिरेनियमची पानं पिवळी पडली म्हणून पाणी वाढवलं, असं तुम्ही लिहिलंय. तिथेच घात झाला असणार! लाल जिरेनियम मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. खरं तर ते पेलार्गोनियम. लेरिटिए या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने १७८९ साली ते जिरेनियमच्या गटातून वेगळं काढलं, पण नर्सरीवाले अजून जुनंच नाव चालवतात. त्याला कोरडी हवा लागते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

माझी पहिली दोन रोपं अशीच गेली. बुंधा मातीलगत काळा, बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ. तो काळेपणा वर चढू लागला की रोपाची आशा सोडा आणि वरची निरोगी फांदी वाचवा. चार इंचांचा तुकडा कापून, खालची पानं काढून अर्धा दिवस सावलीत सुकू द्या, मग जेमतेम ओलसर वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा. वर प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, हे लाड याला मानवत नाहीत.

कुंडी ग्रिलमध्ये आतल्या बाजूला, पागोळ्या लागणार नाहीत अशी ठेवा. बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी, तेही पानांवर नको. खालची थाळी काढूनच टाका (डासांवरून पालिकेची माणसं बोलतात ते वेगळंच). ऑक्टोबरात दुपारच्या उन्हाला आडोसा करा. माझ्याकडे खरी बहार डिसेंबर-जानेवारीत येते; सुकलेला झुबका दांड्यासकट मोडत राहिलं की फुलं थांबत नाहीत.