मदत हवी आहे: पहाटे कोंबडा आरवतो, शेजारच्या बाळाची झोप मोडते. काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. घर जुनं आहे, पण आजूबाजूच्या आगरांचे प्लॉट पडले आणि गेल्या काही वर्षांत नवी घरं उभी राहिली. खुराड्यापासून गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, जेमतेम दहा फूट. गडग्यापलीकडे लगेच शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी.

शेजारचे काका-काकू निवृत्तीनंतर मुंबईहून इथे राहायला आले. माणसं फार चांगली. सध्या त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे. काकू परवा गडग्याशी येऊन म्हणाल्या, "बाळ रात्रभर जागवतं गं, पहाटे कुठे दोघांचा डोळा लागतो आणि तुमचा कोंबडा सुरू होतो." भांडल्या नाहीत, उलट संकोचून बोलल्या. म्हणूनच मला ते जास्त लागलं. त्या बाळंतिणीला झोप मिळायला हवी, एवढंच डोक्यात आहे.

आमच्याकडे 9 कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत. दोन कोंबड्या गिरिराज जातीच्या, बाकी सगळं गावरान. एक कोंबडा जुना, दुसरा त्याचाच पिल्लू, आता आरवायला लागलाय. पहाटे साडेचारच्या आसपास जुना सुरू होतो, लगेच धाकटा साथ देतो, आणि उजाडेपर्यंत दोघांचं चालू असतं. सहाच्या पुढे कोंबड्या दाराशी गोळा होऊन कलकलाट करतात. नऊ ते अकरा अंडी घालण्याची वेळ, तेव्हाचा ओरडा वेगळाच. शिवाय अधूनमधून मध्यरात्री अचानक सगळ्या एकदम ओरडतात.

खुराड्याची मागची भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), बाकी तिन्ही बाजूंना जाळी, वर पत्रा. जाळीची मोठी बाजू नेमकी गडग्याकडे आहे. घर बांधलं तेव्हा तिकडे नुसतं काजूचं रान होतं.

कोंबड्या विकून टाका असं कृपया सुचवू नका. सासूबाईंचा सगळा दिवस त्यांच्यामागे जातो आणि घरची अंडी आम्हाला हवीच आहेत. कोंबड्यांचे हाल होतील असंही काही नको. पत्रा काढून कौलं घालणं, एखादी बाजू चिऱ्याने बंद करणं, खुराडं हलवणं, यांपैकी कशाचा खरोखर फरक पडतो? रात्री कोंबड्यावर डालगं झाकून वर गोणपाट टाकलं तर तो गप्प राहतो का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

प्रतिसाद, चिपळूणहून

ताई, आधी दोन आवाज वेगळे धरा. कोंबडीच्या ओरडण्याला बहुतेक वेळा कारण असतं. ते कारण काढलं की ती शांत होते. कोंबड्याच्या आरवण्याचं तसं नाही.

जपानच्या नागोया विद्यापीठात यावर नीट अभ्यास झाला आहे. 2013 साली त्यांनी दाखवलं की कोंबडा उजेड पाहून नव्हे, तर शरीरातल्या घड्याळावर आरवतो. कोंबडे दिवसरात्र सारख्याच मंद प्रकाशात ठेवले तरी ते आपापल्या पहाटेला आरवत राहिले. नेहमीच्या दिवस-रात्रीतही उजेड होण्याच्या साधारण दोन तास आधी सुरुवात व्हायची. म्हणजे तुमचा साडेचारचा हिशोब बरोबर जुळतो, आणि गोणपाट टाकून तो थांबणार नाही हेही त्यातच आलं. मात्र गाडीचा झोत किंवा दुसऱ्या कोंबड्याची बांग यानेही तो उचकतो. अंगणातला रात्रभर जळणारा बल्ब खुराड्यावर पडत असेल तर तो आधी बंद करा.

त्याच मंडळींनी 2015 साली दुसरी गोष्ट मांडली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत ज्याचा मान पहिला, तो आधी आरवतो, मग बाकीचे उतरत्या मानाने. तुमच्या बापलेकांचं हेच चाललंय. धाकटा दुसरीकडे दिलात तर आवाज संपणार नाही, पण सवाल-जवाब संपेल, आणि खरी झोप त्या सवाल-जवाबानेच मोडते.

आणि एक थेट विचारतो, राग मानू नका. कोंबडा हवाच कशाला? अंडी त्याच्याशिवायही तेवढीच मिळतात.

प्रतिसाद, नाशिकहून

कोंबड्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा ऑनलाइन मिळतो. आवाज निम्मा होतो म्हणतात. कोणी वापरलाय का?

प्रतिसाद, पशुवैद्यक, कोल्हापूर

मी पशुवैद्यक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: तो पट्टा बांधू नका. आरवण्यासाठी कोंबड्याला हवा जोराने बाहेर ढकलावी लागते, पट्टा ती वाट आवळतो. जरा घट्ट झाला, किंवा पिसं वाढून आवळला, की तुरा निळसर पडतो आणि पक्षी गुदमरतो. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असताना धोका आणखी. आवाजाची शस्त्रक्रिया करून मिळते असंही कोणी सांगेल, त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

मान ताणता येऊ नये म्हणून बुटक्या पेटीत रात्रभर कोंडण्याचा उपायही सांगितला जातो. कोकणातल्या दमट उकाड्यात बंद पेटीतला कोंबडा सकाळपर्यंत धापा टाकत असेल. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या तोंड उघडून श्वासावाटेच उष्णता बाहेर टाकतात. हवा खेळती नसेल तर जीव जातो. ताईंनी हाल नकोत असं लिहिलंच आहे, त्यामुळे हे सगळे मार्ग सोडून द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्याचा विषय संपला.

कोंबडा कशाला, याचं उत्तर असं. सासूबाईंना दरवर्षी एखादी खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी) बसवून पिल्लं काढायची असतात. आणि धाकटा कोंबडा राखणेसाठी धरलेला आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या दैवताला, कोंबडा दिला जातो, ते त्यांच्या दृष्टीने घराच्या रक्षणाचं काम आहे आणि मी त्यात ढवळाढवळ करणार नाही. म्हणजे धाकटा तसाही काही दिवसांचाच. प्रश्न उरतो जुन्याचा. पिल्लांसाठी तो लागतो म्हणून सासूबाई त्याला सोडायला तयार नाहीत.

प्रतिसाद, पेडण्याहून

वहिनी, मग तुमची अडचण बरीच सुटली म्हणा. पिल्लांसाठी कोंबडा बारा महिने दारात असावा लागत नाही.

एकदा कोंबडा लागला की त्याचं बीज कोंबडीच्या पोटात साठून राहतं, आणि पुढे दहा-बारा दिवस तरी तिची अंडी फलित निघतात. म्हणजे कोंबडी खुडूक व्हायच्या बेतात असली की कोणाचा तरी कोंबडा आठवडाभर आणायचा आणि परत द्यायचा. त्याहून सोपं म्हणजे वाडीत ज्यांच्याकडे कोंबडा आहे त्यांच्याकडून ताजी फलित अंडी आणून तुमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत, गार सावलीत ठेवावीत. अंडं कुणाचं, याचं खुडुकीला काही नसतं. 21 दिवसांनी पिल्लं बाहेर. माझी आई बदकाची अंडीसुद्धा कोंबडीखाली उबवायची, त्यांना मात्र 28 दिवस लागतात.

सासूबाईंना कोंबडा विका असं सांगू नका. ओळखीच्या घरी, मोकळ्या आगरात, ठेवायला दिलाय असं ठरवा. त्या घरची अंडी तुम्हाला, तुमच्या पिल्लांतली दोन त्यांना. आमच्याकडे असा व्यवहार पूर्वीपासून चालतो.

प्रतिसाद, पुण्याहून

माझं काम इमारतींमधल्या आवाजाचं आहे, म्हणून खुराड्याबद्दल लिहितो.

पहिला उपाय अंतराचा, आणि तो सगळ्यात स्वस्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. खिडकीपासून 5 मीटरवरचं खुराडं 20 मीटरवर नेलंत तर 12 डेसिबल गेले. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो, म्हणजे हा फरक मोठा आहे. घराच्या दुसऱ्या अंगाला जागा असेल तर तुमचं घरच मध्ये भिंत म्हणून उभं राहील. त्याच्यासारखा आडोसा दुसरा नाही.

हलवणं शक्य नसेल तर गडग्याकडची बाजू चिऱ्याने बंद करा. आवाज अडवायला वजन लागतं. जांभा जड आहे, त्यावर आतून-बाहेरून गिलावा केलात तर छिद्रं बुजतात. फटीतून आवाज पाण्यासारखा झिरपतो, त्यामुळे भिंत आणि छप्पर यांच्यामधली गडग्याकडची फट बंद हवी. जाळी आणि हवा तुमच्या घराच्या बाजूला ठेवा, वर उंचावर झरोके त्याच बाजूला. पत्रा काढून कौलं घातलीत तर उष्णता कमी होईल, पण आवाजासाठी फार आशा ठेवू नका, कौलांनाही फटी असतातच. पत्रा ठेवलात तर त्यावर झावळ्यांचं जाड आच्छादन घाला, पावसाचा ताशा तरी थांबेल. झाडांची एक रांग लावून आवाज अडतो असा समज आहे. तेवढ्याने काही अडत नाही, फक्त खुराडं दिसेनासं होतं. अर्थात दिसेनासं झालं की माणसाचा त्रास थोडा कमी होतो, म्हणून जास्वंद लावायची तर जरूर लावा.

नियमांचंही सांगतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही पातळी धरली आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते 6. साडेचारची बांग रात्रीत मोडते, आणि जवळून ऐकलेली बांग 100 डेसिबलच्याही वर जाते. घाबरवायला लिहीत नाही. शेजारीण गडग्याशी येऊन बोलते आहे, तोवरच हे मिटवलेलं बरं.

प्रतिसाद, फ्रान्समधून

इकडे हा विषय कोर्टात गेला होता. ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीसाठी येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. 2019 मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला, आणि 2021 मध्ये गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाही झाला. पण ताई, तिथे शेजारी सुट्टीला येणारे होते. तुमच्याकडे ओली बाळंतीण आहे. मी तुमच्या जागी असतो तर आज संध्याकाळीच कोंबडा दुसरीकडे पोचवला असता.

प्रतिसाद, संगमेश्वरहून

कोंबड्यांच्या कलकलाटाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

सकाळी दाराशी ओरडतात त्या भुकेने, आणि माणूस दिसलं की दाणा मिळतो हे ठाऊक असल्याने. रात्री त्या दांडीवर चढल्या की आतच दाणा आणि पाणी भरून ठेवा, उतरल्या की खातील. उंदरांना पोचणार नाही असं टांगतं भांडं घ्या. दार सातनंतर उघडा. ओरडल्यावर धावत जाऊन उघडलंत तर ओरडल्याने दार उघडतं हे त्या एका आठवड्यात शिकतात.

अंड्याच्या वेळचा ओरडा दोन प्रकारचा. अंडं घालून झाल्यावरचं "कॉक-कॉक-कॉक-कडाक" हे होणारच, ते काही मिनिटांत संपतं. दुसरा ओरडा जागेसाठी. सगळ्यांना एकच टोपली आवडते, त्यात एक खुडूक ठाण मांडून बसते आणि बाकीच्या रांगेत कोकलतात. चार कोंबड्यांमागे एक अशा हिशोबाने पेंढा घातलेल्या टोपल्या ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि गडग्यापासून लांब. खुडुकीला अंडी द्यायची नसतील तर तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खुडूक उतरते.

मध्यरात्रीचं मला सगळ्यात गंभीर वाटतं. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, त्या उगाच ओरडत नाहीत. कांडेचोर (उदमांजर), घूस किंवा साप येत असणार. सकाळी जाळीच्या कडेला माती उकरलेली दिसते का बघा. साधी चिकन जाळी कांडेचोर फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली मजबूत जाळी) लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा.

धागाकर्ती

काल सासूबाईंना पेडण्याच्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "ठेवायला दिलाय" हे त्यांना पटलं. त्यांच्या माहेरच्या घरी मोकळं आगर आहे, जुना कोंबडा तिकडे जातोय. धाकट्याची राखणेपर्यंतची सोयही तिथेच होईल. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं, पण मी म्हटलं बाळ आधी.

जाळीच्या कडेला खरंच उकरलेलं सापडलं. वेल्डमेश आणायची आहे.

घराच्या दुसऱ्या अंगाला विहीर आहे, त्यामुळे खुराडं हलवता येत नाही. गडग्याकडची बाजू चिऱ्याने बंद करतोय. दोन प्रश्न राहिले. भिंत किती उंच? आणि पुढच्या वर्षी बाहेरून कोंबडा आणायचा की अंडी?

प्रतिसाद, पुण्याहून

आतल्या दांडीवर कोंबडीचं डोकं जिथे येतं तिथून शेजारच्या खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत दोरी ताणून बघा. भिंत त्या दोरीच्या वर किमान दोन फूट हवी. भिंत छपराला भिडवता आली तर प्रश्नच नाही. दांडी खाली घेतलीत तर कमी उंचीतही भागेल. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर एकाच जागेवरून, एकाच वेळी मोबाइलच्या ॲपवर आवाज मोजा. आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक कळतो.

प्रतिसाद, पशुवैद्यक, कोल्हापूर

अंडी आणा. बाहेरचा कोंबडा मानमोडीचा (राणीखेत) रोग घेऊन येऊ शकतो, आणि एकदा तो खुराड्यात शिरला की सगळा कळप जातो. आणायचाच झाला तर लस झालेला आणा आणि दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. म्हणजे तेवढे दिवस तो तुमच्याच दारात आरवणार, हेही ध्यानात घ्या. घरच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी या मानमोडीच्या लसी द्यायला विसरू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांचे डोस असतात आणि ती उघडली की लगेच संपवावी लागते, तेव्हा वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवलंत तर सगळ्यांनाच परवडेल.