मराठवाड्यातलं कुटुंब पुण्याला येतं ते पावसामुळे, की आगाऊ घेतलेल्या उचलीमुळे?

कोरडवाहू:
वारजे, कात्रज, हडपसरच्या मजूर अड्ड्यांवर सकाळी उभ्या असलेल्या माणसांकडे बघून 'दुष्काळानं आली बिचारी' म्हटलं जातं. त्यात मधला सगळा हिशेब गळतो. दुष्काळ पडला आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं, असं होत नाही.

सोयाबीनचंच बघा. एकरी 30 किलो बियाणं आणि पोतंभर खत. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण 60 मिमीवर पेरणी होते, कारण पुढचा पाऊस कधी येईल त्याचा भरवसा राहिलेला नाही. मग वीस दिवस उघडीप. दुबार पेरणी, आणि दुसरं बियाणं उधारीवर. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. नेमकी तेव्हाच सोयाबीनला फुलं-शेंगा धरत होत्या. ज्या वर्षी पीक हाती येतं, त्या वर्षी काढणीला परतीचा पाऊस गाठतो आणि रचून ठेवलेल्या सुडीतल्या शेंगांना कोंब फुटतात. पहिल्या वर्षी शेळ्या विकल्या जातात, दुसऱ्या वर्षी सोनं गहाण पडतं, तिसऱ्या वर्षी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल. म्हणून माझ्या मते हे हवामानाचंच स्थलांतर आहे. फक्त ते तीन वर्षं उशिरा दिसतं.

पाटपाणी:
हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. बीडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, पश्चिम महाराष्ट्रात जायला लागले तेव्हा 'हवामान बदल' हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. राज्यात ऊस लागवडीखालच्या क्षेत्राच्या जेमतेम 4 टक्के आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र 70 टक्क्यांच्या घरात, असं कृषिमूल्य आयोगानंच मांडलं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मराठवाड्यात तोवर उसाचे कारखाने वाढतच गेले होते. ही आभाळाची करणी म्हणायची? सगळं हवामानावर ढकललं की पाटबंधारे खातं, कारखानदार आणि पीकपद्धत ठरवणारे, सगळेच सुटतात. आभाळाला कोण नोटीस देणार?

कोरडवाहू:
ज्याच्या रानात पाट कधी पोचलाच नाही, त्याला धरणातलं पाणी उसाला गेलं काय आणि द्राक्षाला गेलं काय! तुम्ही बोलताय ते बागायतीचं राजकारण. मी बोलतोय ते मुरमाड जमिनीचं.

रकाना_सात:
तुम्ही दोघं भांडा, पण मोजणार कशानं? 1991 च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये 'नैसर्गिक आपत्ती' असा पर्याय होता. 2001 ला तो गेला. 2011 लाही पर्याय होते ते काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर. तीन वर्षं पीक गेलेला माणूस 'काम' सांगतो, बायकोची नोंद 'कुटुंबासोबत'. दोघांच्या उत्तरांत पाऊस कुठंच नाही.

दुसरं म्हणजे ऊसतोडीला गेलेलं जोडपं आणि पुण्यात खोली घेऊन राहिलेलं कुटुंब यांना एकाच पोत्यात घालू नका. राष्ट्रीय नमुना पाहणीनं 2007-08 ला अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या केली ती एक महिना ते सहा महिन्यांच्या आतली. हंगाम लांबला तर तेच जोडपं त्या व्याख्येतूनही बाहेर पडतं.

शिधापत्रिका:
कारण ठरेपर्यंत माणसं जेवणार काय, यावरही बोला. शिधापत्रिका गावची असली तरी पुण्यातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. कार्डाचा बारा अंकी नंबर नाहीतर आधार नंबर लागतो आणि अंगठा देणाऱ्याचं आधार कार्डाला जोडलेलं लागतं. माणशी 5 किलोतलं काही इथं उचलता येतं, उरलेलं गावाकडच्या म्हाताऱ्यांना.

अडतं ते असं. कोयता नाहीतर फावडं धरून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, पण त्याची ई-केवायसी झालेली हवी. ती गाव सोडायच्या आधी सगळ्यांची करून घ्यावी, पाच वर्षांवरच्या मुलांचीसुद्धा. शिवाय दुकानाचा कोटा त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबानं येतो, म्हणून बाहेरच्याला 'महिनाअखेरीला या' सांगतात.

बांधकाम कामगार म्हणून नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरच्या माणसाचा ठेकेदार रोज वेगळा. सही कोण करणार?

पाटपाणी:
म्हणजे येणं सोपं करायचं आणि गाव सोडून द्यायचं. रोजगार हमी याच राज्यानं 1972 च्या दुष्काळात उभी केली, 1977 ला कायदा केला. 2025-26 ला तिची मजुरी 312 रुपये, आणि अड्ड्यावर बिगारी त्याच्या दुप्पट. त्यात हमीचे पैसे महिना-महिना रखडतात. बांधबंदिस्तीचं काम आणि आठवड्याला पगार, एवढं वेळेवर दिलं तर निम्मे कोयते हलणार नाहीत.

कोरडवाहू:
'निम्मे' हा आकडा कुठून आणला? उचल एकरकमी मिळते, लाखाच्या आसपास, तीही कामाच्या आधी. मुलीच्या लग्नाला आणि दुकानदाराच्या उधारीला एकरकमीच लागते. 312 रुपये रोजानं ती भागत नाही, आठवड्याला दिले तरी. पीक विमा त्या जागी उभा राहील असं वाटलं होतं. 2023 च्या खरिपात तो एक रुपयात दिला आणि 2025 ला ती सवलत बंद केली.

मुठाकाठ:
पुण्यात आल्यावर जागा कुठली मिळते ते कुणी बोलत नाही. स्वस्त खोली बहुतेक वेळा ओढ्याच्या नाहीतर नाल्याच्या कडेला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं काठच्या वस्त्या धुऊन नेल्या. तिथं पंचनामा होतो तो वीजबिल नाहीतर भाडेकरार बघून. अकरा महिन्यांचा कागदही नसलेल्या भाडेकरूचं भिजलेलं धान्य त्यात कसं येणार?

रकाना_सात:
त्यावरून आठवलं. मागची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या दिवसांत झाली, पुढचीही 2027 च्या फेब्रुवारीतच आहे. म्हणजे ऐन ऊस गाळपाच्या हंगामात. प्रगणक गावात जाईल तेव्हा दार कुलूपबंद, आणि माणसं कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. त्या कोप्यांपर्यंत कोण जाणार, हे कारखान्याच्या तालुक्यानं आत्ताच ठरवायला हवं. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असतेच, ती मागून घ्या.

पाटपाणी:
यादीत कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरं त्यात धरत नाहीत.