टेस्टमध्ये भारत जिंकलाय जास्त की हरलाय जास्त? काकांशी पैज लागलीये

गंगापूररोडकर:
मंडळी जरा मदत करा, घरात वाद पेटलाय. यंदा २०२५ च्या भाऊबीजेला आम्ही सगळे जेलरोडला काकांकडे जमलो होतो, फराळ चालू, चकलीवरून विषय कसा कोण जाणे क्रिकेटवर गेला आणि मी बोलून बसलो की आपल्या टीमने टेस्टमध्ये आता हरलेल्यापेक्षा जिंकलेल्या मॅच जास्त आहेत, इतिहासात पहिल्यांदाच. काका नाशिकच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, नोटांचे आकडे बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. १९७१ ला वाडेकरच्या टीमने वेस्ट इंडिजमध्ये सिरीज जिंकली तेव्हापासून ते लिहितात, त्याच्या आधीचं सगळं कुठल्यातरी जुन्या मासिकातून उतरवून घेतलंय. जिंकलेली निळ्या शाईने, हरलेली लाल, ड्रॉ पेन्सिलीने. १९७४ लॉर्ड्सच्या ४२ ऑलआउटला दोनदा गोल केलाय आणि बाजूला नुसतं "हॅट्" लिहिलंय.

तर शेवटच्या पानावर बेरीज अशी: निळ्या १८४, लाल १८६, पेन्सिल २२५. "लाल जास्त आहे रे बाळा" म्हणाले आणि अनारसा उचलला. पण माझ्या मोबाईलमध्ये बातमीचा स्क्रीनशॉट आहे, त्यात स्पष्ट जिंकलेल्या जास्त लिहिलंय. हरेल त्याने अख्ख्या घराला मिसळ खाऊ घालायची असं ठरलंय, आम्ही १४ जण आहोत आणि त्यातले ६ एक्स्ट्रा पाव घेणारे, तेव्हा नीट सांगा.

सिडको_एक्सप्रेस:
भो यात विचारायचं काय, आपणच पुढे. पाकिस्तानला तर वनडे वर्ल्डकपमध्ये एकदाही जिंकू दिलं नाही, ८-० आहे. काकांना सांग शाई बदला.

जुना_स्कोअरर:
@सिडको, प्रश्न टेस्टचा आहे. आणि पाकिस्तानचंच काढलंत म्हणून सांगतो, टेस्टमध्ये ५९ पैकी आपण ९ जिंकल्यात, त्यांनी १२, बाकी ३८ ड्रॉ. वर्ल्डकपचं ८-० घेऊन सगळीकडे फिरू नये.

@गंगापूररोडकर, तुमचा स्क्रीनशॉट खोटा नाही पण तो शिळा आहे. २२ सप्टेंबर २०२४ ला चेन्नईत बांगलादेशला हरवलं त्या दिवशी १७९ जिंकलेल्या आणि १७८ हरलेल्या असं झालं. १९३२ ला लॉर्ड्सवर सी. के. नायडूंच्या टीमने पहिली टेस्ट खेळली तिथपासून ही ५८०वी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा जमा बाजू वर आली. मग कानपूर जिंकलो, १८०. आता सुटलो असं सगळ्यांना वाटलं आणि न्यूझीलंडवाले आले. बंगळुरूला ४६ ऑलआउट, पुण्यात सँटनरने १३ विकेट काढल्या आणि २६ ऑक्टोबरला हिशोब १८०-१८०. म्हणजे आपण मोजून ३४ दिवस फायद्यात होतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला लोकांनी वह्या पुजल्या तेव्हा क्रिकेटची वही बरोब्बर समान होती, ना देणं ना घेणं, आणि दोनच दिवसांनी वानखेडेवर २५ रनांनी हरून परत खाली. २०१३ पासून घरच्या १८ सिरीज ओळीने जिंकलेल्या, ती साखळी याच सिरीजमध्ये तुटली.

पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ जिंकलो, परत बरोबरी, १८१-१८१. ॲडलेड गेली, मेलबर्न गेली, सिडनी गेली. इंग्लंडमध्ये २-२ (ओव्हलला सिराजच्या बॉलिंगवर ६ रनांनी जिंकलेली ती धरून), मग इथे वेस्ट इंडिजला २-०. म्हणजे यंदाच्या भाऊबीजेला आकडा होता १८५ जिंकलेल्या, १८६ हरलेल्या. एकाने काका जिंकले.

आणि त्यानंतरचं तर बोलायलाच नको. ईडनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ करायचे होते, तेवढे झाले असते तर परत समान झालो असतो, आपण ९३ ला आटोपलो. गुवाहाटीला ४०८ रनांनी हरलो. आत्ताचा हिशोब १८५-१८८, ड्रॉ २२४ आणि एक टाय (दोघांचे रन सारखे), मद्रास १९८६, ऑस्ट्रेलिया.

पण एक गोष्ट खटकतेय. काकांच्या निळ्या १८४ कशा? लाल बरोबर आहे. निळ्यात एक कमी आणि पेन्सिलीत एक जास्त, म्हणजे एक जिंकलेली मॅच ड्रॉ म्हणून लिहिली गेलीय. मी गोल्फ क्लब मैदानावर लोकल मॅचचं स्कोअरिंग बरीच वर्षं केलंय, बेरीज जुळली नाही की मला जेवण जात नाही. शोधाच.

सातपूरचा_फिरकीपटू:
एवढ्या वर्षांचं हाताने लिहिलेलं आणि एकच चूक? काकांना नमस्कार सांग रे. आमच्या कंपनीत कॉम्प्युटरवर महिन्याचा स्टॉक जुळत नाही.

बाकी मला विचाराल तर ही एकूण बेरीज फसवी असते, देशाप्रमाणे बघितलं की खरं कळतं. इंग्लंड ३७-५३, ऑस्ट्रेलिया ३३-४८, या दोघांनीच आपल्याला ३१ ने मागे ढकललंय. उलट श्रीलंका २२-७ आणि बांगलादेश १३-० (१५ पैकी २ ड्रॉ), इथे आपण भरून काढतो. आणि सगळ्यात गंमत वेस्ट इंडिजची. त्यांच्याकडून शेवटची टेस्ट आपण हरलो २००२ ला किंग्स्टनला, त्यानंतर एकही नाही, आणि तरी अजून २५-३० ने मागेच! हे आजोबांच्या काळातलं कर्ज आहे, नातवंडं फेडतायत. पहिली टेस्ट जिंकायला आपल्याला २० वर्षं लागली, २५व्या टेस्टमध्ये जिंकलो, १९५२ ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध, विनू मांकडच्या १२ विकेट. तोपर्यंत वहीत निळी शाई लागलीच नसणार. १९५९ ला इंग्लंडमध्ये ५-०, १९६२ ला वेस्ट इंडिजमध्ये ५-० ने हरलो, ही पानं कशी दिसत असतील विचार करा, नुसती कुंकवाने माखल्यासारखी.

त्यामुळे आत्ताच्या पोरांना "मागे आहात" म्हणणं मला पटत नाही. ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती तिथे जाऊन ३२८ चेस केलेत, तेही त्याच दौऱ्यात ३६ ला ऑलआउट झाल्यावर. फक्त आफ्रिकेत जाऊन सिरीज अजून एकदाही जिंकलेली नाही, ते मात्र आजोबांवर ढकलता येत नाही.

सिडको_एक्सप्रेस:
बरं बरं टेस्टचं मान्य. पण पाकिस्तानशी एवढ्या ड्रॉ कशा काय? ५९ मध्ये ३८ म्हणजे अतीच झालं.

जुना_स्कोअरर:
दोघांनाही जिंकण्यापेक्षा न हरण्याची काळजी जास्त. हरून घरी जायची कोणाची छाती होती तेव्हा. पिच पण पाटा, बॅटिंगलाच सोपं. एकदा तर ओळीने दोन सिरीजच्या दहाच्या दहा टेस्ट ड्रॉ झाल्यात, १९५५ ला तिकडे पाच आणि १९६०-६१ ला इकडे पाच. काकांची पेन्सिल तिथेच झिजली असणार.

पंचवटीची_लेगस्पिनर:
सगळं वाचलं, एवढे आकडे, एवढे आजोबा, आणि एकालाही आठवलं नाही की भारताची टीम एक नाही दोन आहेत 🙂 बायकांच्या टीमने ४१ टेस्ट खेळल्यात, ८ जिंकल्या, ६ हरल्या, २७ ड्रॉ. म्हणजे फायद्यात. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईला इंग्लंडला ३४७ रनांनी हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती पहिलीच जिंकलेली टेस्ट. वर्ल्डकप तर आत्ता नोव्हेंबरात आणलाय, त्याचं तरी नाव घ्या.

@गंगापूररोडकर, पैज लावताना तू "आपली टीम" म्हणालास की "पुरुषांची टीम"? नीट आठव. मिसळ वाचू शकते.

सातपूरचा_फिरकीपटू:
😂😂 ताई वकिली करता का

पंचवटीची_लेगस्पिनर:
नाही हो, मुलींना कोचिंग करते. ४१च मॅच का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. पुरुषांच्या ५९८ झाल्यात.

गंगापूररोडकर:
अपडेट देतो. काल संध्याकाळी परत जेलरोडला गेलो, स्कोअररसाहेबांचा हिशोब वाचून दाखवला. काकांनी चष्मा पुसला, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि शेवटून एकेक पान बघत आले, मी शेजारी बसून मोबाईलवर टिक करत होतो. फार मागे जावंच लागलं नाही. कानपूर २०२४, बांगलादेश, समोर पेन्सिलीने "ड्रॉ (पाऊस)". काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले दोन दिवस एक बॉल पडला नाही, मी म्हटलं आता कसली निकालाला जाते, टीव्ही बंद केला आणि लिहून टाकलं. काकू आतून ओरडली की त्या वेळी मी सांगत होते जिंकले म्हणून, तर माझं ऐकलं नाही.

एवढं करून पैज मी हरलोच, १८५-१८६ म्हणजे लाल जास्त, ते त्यांनी लगेच लक्षात आणून दिलं. मग मी लेगस्पिनर ताईंचा मुद्दा टाकला. काका म्हणाले पैज पुरुषांची होती. काकू म्हणाली असं कुठं ठरलं होतं, मी तिथंच चकल्या तळत होते, "आपली टीम" एवढंच म्हणाला तो. आता काकू माझ्या बाजूला आहे, काका एकटे पडलेत. रविवारी सकाळी मिसळीला जायचं नक्की झालंय, बिलाचं तिथे गेल्यावर बघू.

स्कोअररसाहेब, कानपूर कितीने जिंकली आणि संपली कधी ते सांगा. काका खोडरबर घेऊन बसलेत, निळं पेन पण शोधून ठेवलंय.

जुना_स्कोअरर:
७ विकेटनी, १ ऑक्टोबर २०२४. काकांना म्हणावं खोडू नका, एक रेघ मारा आणि वर निळ्याने लिहून बाजूला सही करा.