एकदम सगळं बदलायला गेलो आणि तोंडावर आपटलो. आता सुरुवात कुठून करू?

भांडुपकर_४४
नमस्कार मंडळी. राहायला भांडुप पश्चिम, कोकणनगर. नोकरी फोर्टात. जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण दारात चपला काढतोय, असं डॉक्टर म्हणाले.

मी घाबरलो. त्यात मोबाइलवर नको तितके व्हिडिओ बघितले आणि गुढीपाडव्याला सगळं एकाच दिवशी सुरू केलं. गहू बंद, नाचणी चालू. घाण्याचं तेल. पहाटे पाचला उठून ध्यान. बांबूचे ब्रश. गॅलरीत ओल्या कचऱ्याची बादली. प्लास्टिकचे डबे बायकोला न विचारता भंगारवाल्याला दिले, त्यात तिच्या माहेरचा पापडांचा डबा गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि बादलीतून अळ्या निघाल्या. कठड्यावरून थेट खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर. काकू तावातावानं वर आल्या तेव्हा मी डोळे मिटून ध्यानाला बसलो होतो.

आजची स्थिती: ध्यान बंद, बादली रिकामी, नाचणीच्या पिठाला जाळी. आईला (वय ७१) म्हटलं, तुमच्या वेळी हे सगळं आपोआप व्हायचं ना? ती म्हणाली, "राखेनं भांडी घासून हात फुटायचे माझे. जुनं चांगलं होतं वगैरे मला सांगू नकोस."

सोडायचं नाहीये. पण हळूहळू करायचं तर आधी काय धरू?

गच्चीतला_माळी
अळ्यांना घाबरू नका, त्या कचरा खाऊन तुमचंच काम करत होत्या. चूक ओलाव्याची. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यात तुम्ही नुसती ओली सालं टाकली असणार. एक थर ओला, की त्यावर तेवढाच किंवा जास्त कोरडा: सुकी पानं, कोकोपीट, नाहीतर फाडलेला वर्तमानपत्राचा कागद. रश्शाचं उरलंसुरलं टाकायचं नाही. बादलीला भोकं हवीत, तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करायचं. कुजका वास आला की कोरडं कमी पडलं असं समजा. झाकणाच्या आत जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधा. (काकूंची नको.)

पण खरं सांगू? ही बादली आता दिवाळीनंतरच काढा. हवा कोरडी झाली की पहिल्या खेपेला जमतं, आणि पहिली खेप जमली की माणूस टिकतो.

लालबागची_सून
दादा, राग मानू नका. "गहू बंद, नाचणी चालू" लिहिलंत. ठरवलं तुम्ही, भाकऱ्या कोणी थापल्या? बादलीत कोरडं कोण घालत होतं? आमच्याकडे यांनी पेपर नॅपकिन बंद केले, कापडी आणले. धुते मी. नळाला पाणी सकाळी दीड तास, त्यात माझी पावणेनऊची लोकल. पर्यावरण वाचलं, मी दमले.

तेव्हा माझा एकच नियम: जे बदलायचं ते स्वतःच्या हातानं करायचं. दुसऱ्यावर काम ढकललं की तीन महिन्यांत बंद पडतं. तुमचं तसंच झालंय.

मुलुंडचा_आप्पा
ताईंना +१. मी औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढली, म्हणून एक आकडेमोड. दिवसाला चहा किती? चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हटले तर चाळीसेक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे नाष्टा-जेवण मोजायच्या आधीच तुमचा हिशेब चुकतोय. नाचणीत कॅल्शियम भरपूर, भाकरी जरूर खा, पण तेही पिष्टच. दोनऐवजी चार खाल्ल्या तर रक्तातली साखर वाढणारच.

आणि घरी आरओ लावलाय का? मुंबईत पालिकेचं पाणी तलावांचं, त्यात क्षार मुळातच कमी. बरंचसं तर तुमच्या भांडुप संकुलातच शुद्ध होतं. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. इमारतीची टाकी वेळेवर धुतली जाते की नाही ते बघा, शंका असेल तर पाणी उकळा. पालिकेच्या पाण्याला एवढं पुरतं.

भांडुपकर_४४
महिनाभरानं लिहितोय. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती परात माझ्यासमोर ठेवली.

तर दोनच गोष्टी धरल्यात. चहा: आधी दीड चमचा, आता पाऊण. ऑफिसातला टपरीवाला साखर घालूनच उकळतो, म्हणून तिथं दिवसाला एकच कटिंग. दुसरं, संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा सोडली. चालत वीस मिनिटं, फेरीवाले आणि चिखल धरून पंचवीस. कानात काही घालत नाही. पहाटेच्या ध्यानात डोकं इतकं गप्प कधी झालं नव्हतं. मुसळधार असेल तर रिक्षा करतो, त्याचा खेद नाही. आरओचा सांडपाण्याचा पाइप सध्या लादी पुसायच्या बादलीत सोडलाय, आरओ विकायचा विषय घरात काढायची अजून हिंमत नाही.

रविवारी भाकऱ्या मी करतो. उलटताना मधोमध तुटतात, कडा भारताच्या नकाशासारख्या. पाणी कमी पडतंय की पीठ जुनं आहे?

लालबागची_सून
नाचणीला चिकटपणा नसतो. पाणी उकळून, चिमूटभर मीठ टाकून त्यात पीठ घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा. कोमट असतानाच तळव्यानं रगडून मळा, थंड झालं की संपलं. पहिल्या तीन-चार तुटणारच, त्या दुधात कुस्करून तुम्हीच खायच्या.