फ्रान्समधल्या गाड्या नसलेल्या सायकलवाटा: आम्हा दोघांना जमेल का?

राजारामपुरीच्या बाई यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, 58 वर्षांची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ह्यांचं वय 63. आम्ही दोघं बारा वर्षं सायकल चालवतोय. रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर, रविवारी कधी नृसिंहवाडी, कधी खिद्रापूर, आणि वर्षातून एकदा तरी ज्योतिबा.

गेल्या उन्हाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर ह्यांना एका डंपरनं मागून घासलं. कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, पण मोठ्या रस्त्याला लागलं की ह्यांची बोटं हँडलवर इतकी आवळली जातात की पांढरी पडतात. मी शेजारून बघत असते. आता रंकाळा सोडून कुठं जायला तयार नाहीत.

माझी भाची फ्रान्समधल्या ल्यों शहरात शिकते. ती म्हणते, इकडं जुनी रेल्वे बंद करून त्या जागी नुसत्या सायकलींसाठी वाटा केल्यात, गावंही जुनी आहेत, पुढच्या जूनमध्ये या. मला जायचंय, पण विचारायला कुणी नाही. खरंच मोटारी नसतात का? वाट कशी असते, डांबरी की मुरमाची? जुनी गावं वाटेवरच लागतात की नुसतं रान? दिवसाला 30-35 किलोमीटरच्या वर आम्हाला नको. आणि आम्ही शाकाहारी आहोत, अंडंसुद्धा हे खात नाहीत. कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

---

उद्यमनगर लेथवाला

ताई, तुमचं वाचलं आणि काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. मी 2023 च्या जूनमध्ये बायकोला घेऊन नेमका हाच भाग सायकलवरून केला. बर्गंडी म्हणतात त्या मुलखाला. तुमच्या भाचीच्या ल्योंपासून तिथलं माकाँ शहर म्हणजे जवळच, रेल्वेनं तासाभराचं अंतर.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर. हो, वाटेवर मोटारी खरंच नसतात. तिकडं अशा वाटेला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. फ्रान्समधली पहिली अशी वाट 1997 साली झिव्री ते क्लुनी या गावांच्या मधे झाली, 44 किलोमीटरची. पुढं ती माकाँकडं वाढवली. अलीकडून शालाँ या शहरापासूनही झिव्रीला सायकलवाटेनं येता येतं. सगळं धरून सत्तरेक किलोमीटर. वाट डांबरी आहे, दोन सायकली शेजारी शेजारी गप्पा मारत जातील एवढी रुंद. मधे मधे छोटे रस्ते आडवे येतात. तिथं वाटेत खांब किंवा आडव्या फळ्या लावलेल्या असतात, म्हणजे मोटार आत घुसू शकत नाही आणि आपल्यालाही वेग कमी करावाच लागतो. तेवढ्या जागी थांबून डावीकडं, मग उजवीकडं बघायचं. तिकडं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, हे पहिले दोन दिवस स्वतःला सांगत राहावं लागतं.

जुन्या रेल्वेचा फायदा काय, तर चढ. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून लाइन टाकतानाच जमीन कापून किंवा भराव घालून सपाट केलेली असते. शंभर मीटर जाताना एक-दीड मीटर चढलात तर खूप. वाघबिळाच्या चढाला छाती भरून येते तसा प्रकार इथं नाही. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, फाटकवाल्याची बुटकी घरंसुद्धा. आपल्याकडं मिरज-कोल्हापूर लाइन 1891 ला आली, त्या काळातली आपली दगडी स्टेशनं आठवा, तसाच तोंडवळा.

आता ह्यांच्याविषयी. मला धडक बसलेली नाही, पण तीस वर्षं शिरोलीच्या बाजूला ये-जा केली. कानानं मागचा ट्रक ओळखायची सवय अंगात मुरली आहे. तिथं पहिल्या दिवशी दर मिनिटाला मी मान वळवून मागं बघत होतो. मागं काय, तर बायको आणि तिच्या मागं रिकामी वाट. दुसऱ्या दिवशी दुपारी सँ-झाँगू गावाच्या पुढं एकदम लक्षात आलं की बराच वेळ मी वळून बघितलंच नाही, आणि मान दुखत नाहीये. दोन्ही बाजूला कुरणं, त्यात पांढऱ्या गाई, शारोले जातीच्या. त्या रवंथ करत होत्या आणि त्यांच्या जबड्याचा आवाज मला ऐकू येत होता. सायकलवर बसून एवढा बारका आवाज मी कधी ऐकला नव्हता. ताई, ह्यांना तिथं न्याच.

गावांचं मात्र नीट समजून घ्या. रेल्वे गावाच्या कडेनं जाते, पोटातून नाही. वाटेवरच राहिलात तर झाडं आणि द्राक्षमळे दिसतील, गाव दिसणार नाही. एखाद-दोन किलोमीटर बाजूला वळावं लागतं, तेवढा रस्ता मोटारींचा, पण आपल्या पन्हाळ्याच्या बाजूच्या वाडीवस्तीच्या रस्त्याइतकाही रहदारीचा नाही. खूप लोक 44 किलोमीटर एका दमात मारतात आणि परत जातात. मला ते पटत नाही. झिव्रीत धान्यबाजाराची गोल इमारत आहे, 1830 ची, तिथं थांबा. ब्युसीत जुन्या तटबंदीचे बुरूज आहेत. सँ-झाँगूच्या नावात आधी 'रॉयाल' म्हणजे शाही होतं, नंतर ते 'नास्योनाल' म्हणजे राष्ट्रीय झालं. इतिहासाच्या बाईंना हे जास्त सांगायला नको. कॉर्मातँला खंदकाच्या पाण्यात उभा राहिलेला सतराव्या शतकातला वाडा आहे. तेझेला 1940 मध्ये सुरू झालेला ख्रिस्ती साधकांचा मठ आहे, दिवसातून तीन वेळा प्रार्थना असते, कुणालाही बसता येतं. आम्ही बसलो. हजारेक तरुण पोरं, आणि मधे बराच वेळ कुणी चकार शब्द बोलत नाही.

एका छोट्या गावात पाणी शोधत गेलो तर धुण्याचा घाट दिसला. 'लाव्वार' म्हणतात. चौकोनी दगडी हौद, वर कौलांचं छप्पर, कडेला आतल्या बाजूला उतरते दगड. त्या दगडांवरून हात फिरवला तर गुळगुळीत, आणि मधे मधे खळगे. बाया गुडघे टेकून वर्षानुवर्षं एकाच जागी कपडे आपटत आणि चोळत होत्या, त्यानं झालेले. माझी आई पंचगंगेच्या घाटावर धुणं धुवायची. बायको तिथं अर्धा तास बसून राहिली. पाणी अजून वाहतं, गार होतं.

क्लुनीला मात्र दोन रात्री राहा. 910 मध्ये तिथं मठ स्थापन झाला. 1088 ला बांधायला घेतलेलं त्यांचं तिसरं चर्च 187 मीटर लांब होतं, रोममध्ये सेंट पीटर्सची आत्ताची इमारत होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं आणि खाणीसारखे दगड काढून नेले. आता जेमतेम दहावा भाग उरलाय. उरलेल्या कोपऱ्यात उभं राहून वर बघा, तीस मीटर उंच कमान सरळ वर जाते. बाहेर आलात की ज्या जागी चर्चचा मुख्य मंडप होता तिथून रस्ता गेलाय, लोक पिशव्या घेऊन चाललेत. खिद्रापूरच्या मंदिरातल्या स्वर्गमंडपात मान वर करून आभाळ बघताना जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी मला तिथं झालं. गावात बाराव्या शतकातली राहती घरं आहेत, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दगडी खिडक्यांची ओळ नीट बघा.

क्लुनीच्या पुढं ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, 1.6 किलोमीटरचा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, जूनमध्ये उघडा असतो. उन्हातून आत शिरलं की घाम अंगावरच गार होतो. जाकीट हाताशी ठेवा, दिवा लावा. ह्यांना बंद जागेचा त्रास होत असेल तर बाहेरून खिंडीचा रस्ता आहे, पण त्यावर चढही आहे आणि मोटारीही. पलीकडं उतारावर बेर्झे-ल-शातेलचा किल्ला डोक्यावर दिसतो.

सायकली इथून नेऊ नका, भाड्यानं घ्या. क्लुनीच्या जुन्या स्टेशनापाशी मिळतात, शालाँ-माकाँकडंही मिळतात. आपली सीट मात्र सोबत न्या, पाच मिनिटांत बदलता येते आणि तिचं मोल तिसऱ्या दिवशी कळतं. एक महत्त्वाचं. तिकडं डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. माझ्या घरच्या सायकलला उजवा पुढचा. पहिल्याच आडव्या फळीपाशी मी घाईत डावा दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडलो नाही, पण ह्यांचं हाड नुकतं जुळलंय. निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा वेळा दोन्ही ब्रेक दाबून बघू दे.

जेवणाचं. पाव उत्तम, फळं उत्तम. दुकानं दुपारी बारा ते दोन बंद असतात, सोमवारी कित्येक गावांत पूर्ण दिवस. म्हणून अकरा वाजताच पाव-फळं घेऊन ठेवायची. चीजचं मात्र सांगून ठेवतो, तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये दूध नासवायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. ह्यांना चालणार नसेल तर ते टाळा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पोहे न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे.

---

तुलूझमधून, मूळ इचलकरंजी

काकू, बर्गंडीबद्दल दादांनी लिहिलंय ते बरोबरच आहे. मी दक्षिणेला राहतो म्हणून कालव्याचा पर्यायही सांगतो, कारण काकांना बोगदा आणि आडवे रस्तेही नको असतील तर कालव्याकाठ त्याहून सोपा.

इथं लोक कनाल द्यू मिदी या कालव्याच्या नावानं येतात. पिएर-पॉल रिके यांनी 1666-67 च्या सुमारास काम सुरू केलं, 1681 ला पूर्ण झालं आणि ते पाहायला रिके राहिले नाहीत, आदल्या वर्षी वारले. कालवा 240 किलोमीटरचा, युनेस्कोच्या यादीत आहे. पण तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर सोडले तर पुढं बराचसा काठ मातीचा आहे आणि झाडांची मुळं वर आलेली आहेत. जुळलेल्या हाडाला ते हादरे नकोत. बुरशीच्या रोगानं तिथली हजारो चिनार झाडं तोडावीही लागली, त्यामुळं काही भागात सावली उरली नाही.

त्यापेक्षा उलट्या दिशेचा गारोनचा कालवा घ्या. 193 किलोमीटर, काठ डांबरी, सपाट. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन म्वासाक ते आझाँ दोन दिवसांत केलं. म्वासाकच्या मठात 1100 साली पूर्ण झालेलं चौकोनी अंगण आहे, खांबांच्या माथ्यावर 76 कोरीव दगड, एकेका खांबापाशी थांबून गोष्ट ओळखत बसता येतं. आझाँला तर कालवाच 23 कमानींच्या पुलावरून नदी ओलांडतो. वर होडी चाललीय, खाली गारोन वाहतेय आणि आपण होडीच्या शेजारून सायकलवर! मधे ओव्हिलार नावाचं गाव टेकडीवर आहे, गोल धान्यबाजार तिथंही आहे, पण चढ आहे, सायकल हातात धरून गेलात तरी हरकत नाही. इथं कधी कधी आग्नेयेकडून जोराचं वारं सुटतं, ओतां म्हणतात. ते सुटलं असेल तर पश्चिमेकडं जा, पाठीला लागेल.

पुण्यातून व्हिसा करताना घाई करू नका, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. वैद्यकीय विमा 30,000 युरोचा लागतो. भाचीकडं राहणार असाल तर तिला तिथल्या नगरपालिकेतून पाहुण्यांसाठीचा कागद काढावा लागेल, त्याला वेळ लागतो, आत्ताच सांगा तिला.

---

गडहिंग्लजचा मास्तर

बाई, मी गेलेलो नाही, पण एक सुचवतो. आधी इथंच चार दिवस सलग 30 किलोमीटर करून बघा. एक दिवस जमणं वेगळं, चौथ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते वेगळं. पहाटे साडेपाचला निघालात तर कालव्याकडेच्या शेतवाटा आपल्याकडंही मोकळ्या असतात. ह्यांचा हातही त्यानं सैल होईल.

---

राजारामपुरीच्या बाई

तुम्हा सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. रात्री जेवणानंतर ह्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. गाईंच्या जबड्याचा आवाज आला तिथं त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले.

ठरलं ते असं. शालाँहून निघायचं, पहिला मुक्काम सँ-झाँगू, दुसरा आणि तिसरा क्लुनी, मग माकाँ, तिथून भाचीकडं. कालव्याचं मनात आहे, पण पहिल्या खेपेला एकच. चीज सोडलं. भाचीला कागदाचं आजच कळवलं. मास्तरांचं ऐकून सोमवारपासून सलग चार दिवस निघतोय, पहिल्या दिवशी प्रयाग चिखलीपर्यंत.

ह्यांनी एकच प्रश्न विचारायला सांगितलाय, लेथवाल्या भाऊंना. इथं सायकलला उजवीकडं आरसा लावलाय अपघातानंतर. तिकडं तो कुठल्या बाजूला लावायचा?

---

उद्यमनगर लेथवाला

डावीकडं. तिकडं मागची मोटार डाव्या बाजूनं पुढं जाते. हिरव्या वाटेवर लागणार नाही, पण गावात शिरताना त्या एक-दोन किलोमीटरला असू दे. भाड्याच्या सायकलच्या हँडलला मुठीपाशी 22 मिलिमीटरची नळी असते. ह्यांचा आरसा घेऊन शनिवारी सकाळी दुकानावर या. त्या मापाचा क्लॅम्प ॲल्युमिनियममध्ये करून देतो, आत रबर घालून, म्हणजे दुसऱ्याच्या सायकलला ओरखडा पडणार नाही आणि काढायला एकच स्क्रू. दोन करतो, तुमच्यासाठीपण.