इम्प्लांटभोवती हाड येतच नाही, फटीत सगळी तंतुमय ऊती: मॉडेलमध्ये कुठे बघू?

गोदाकाठ
हाड येईल की तंतुमय ऊती याचं अक्षसममित मॉडेल, ॲबॅकस या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये. टायटॅनियमचा पिन, भोवती 0.5 मिमी फट, फटीत ग्रॅन्युलेशन टिश्यू, म्हणजे जखम भरताना येणारी मऊ ऊती (मापांक, म्हणजे कडकपणा, 0.2 मेगापास्कल, पारगम्यता 0.01 मिमी⁴/न्यूटन-सेकंद). पिन 1 हर्ट्झने 50 मायक्रॉन वर-खाली. एलिमेंट 0.1 मिमी, टाइमस्टेप 0.02 सेकंद. नियम प्रेंडरगास्ट-हुइस्केसचा, 1997चा: S = γ/0.0375 + v/3, γ म्हणजे ऊतीतला ऑक्टाहेड्रल शिअर, v म्हणजे ऊतीतल्या द्रवाचा वेग, मायक्रॉन/सेकंदात. S 1च्या खाली हाड, 3च्या वर तंतुमय, मध्ये कूर्चा. दर फेरीत S बघून ऊतीचा मापांक बदलतो, पण कितीही फेऱ्या फिरवा, तंतुमयच. नाशिकात कोणी यावर काम करतंय का?

अंबडकर
आधी कागदावर बघा. 50/500 म्हणजे 10% कातर, ऑक्टाहेड्रल शिअर 8.2%, पहिलं पद 2.2. म्हणजे 3 ओलांडायला v 2.5च्या आसपास लागतो. पण निव्वळ कातरात आकारमान बदलत नाही, त्यामुळे फटीच्या मध्यभागी प्रवाह जवळपास शून्य हवा. पिनच्या टोकाशी असेल तेवढाच. तुमचा v खोटा आहे. पोअर प्रेशरचा (ऊतीतल्या द्रवाच्या दाबाचा) कॉन्टूर काढा, एलिमेंटागणिक वर-खाली होत असणार.
कारण स्टेप फार लहान आहे. किमान स्टेप साधारण h²/(6·E·पारगम्यता), h एलिमेंटचा आकार, E मापांक; तुमच्या आकड्यांनी 0.83 सेकंद. मेश 0.02 मिमी केला की तीच 0.033 होते, मग 0.05ची स्टेप चालते.
आणखी एक: ॲबॅकस पारगम्यता मिमी/सेकंदात मागतो. द्रवाचं विशिष्ट वजन 1 ठेवलं असेल तरच 0.01 भरा. तिथे 9.81e-6 असेल तर 9.81e-8. इथे गफलत झाली की सगळं लाखपट बिघडतं.

सातपूर_मेश
हे केल्यावर तंतुमय जाईल, पण हाड तरीही येणार नाही. विस्थापन लादलंय ना! ऊती कितीही कडक झाली तरी पिन 50 मायक्रॉन हलणारच, S 2.2वर अडकणार, कायमचा कूर्चा. बल लादा. कूर्चा 10 मेगापास्कलचा, म्हणजे 50 पट कडक. त्याच बलाला S 0.04वर येतो.
मात्र तेव्हा उलटा त्रास: दोन फेऱ्यांत हाड. म्हणून मापांक एकदम बदलू नका, मागच्या 10 फेऱ्यांची सरासरी घ्या.

गोदाकाठ
बल किती ठेवू?

सातपूर_मेश
पहिल्या फेरीत 50 मायक्रॉन हलवायला जेवढी प्रतिक्रिया आली तेवढंच. पिन जिथून हलवता त्या रेफरन्स पॉइंटवर आरएफ2 (उभ्या दिशेची प्रतिक्रिया) वाचा, मेश बदलल्यानंतरचा.