आकडा कमी, म्हणून आजार कमी?

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) प्रोस्टेट कॅन्सर, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर, कमी आढळतो, म्हणजे गावची हवा चांगली, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. हा आकडा तपासणीवर फार हलतो. 2012 साली तिथल्या तज्ज्ञ समितीने पीएसए चाचणी (हा कॅन्सर लवकर शोधायची रक्ततपासणी) नको म्हटलं, नोंदी घटल्या, आणि पुढे उशिरा सापडणारे रुग्ण वाढले. जवळपास युरॉलॉजिस्टच (मूत्रविकारतज्ज्ञच) नसेल तर निदान होणार कुठून? म्हणून मृत्युदर शेजारी ठेवूनच बघा, त्यातही कृष्णवर्णीयांचा. देशभरात तो गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे.

आपल्याकडे बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीचे लोक 1987 पासून गावोगाव फिरून विचारपूस करतात. पण रात्री चारदा लघवीला उठणारे आजोबा 'वय झालं' म्हणून गप्प बसले, तर तिथल्या आकड्याची मुंबईच्या आकड्याशी तुलना कशी करायची?